आतला कोपरा

प्रयोगशाळेसाठी काचेची भांडी घडवणाऱ्या काकांची लेक पाच महिन्यांपासून अवकाशात पृथ्वीभोवती फिरत होती, आणि काकांना काळजी काय, तर तिच्या चहाची! दर रविवारी दहा मिनिटं तिचा फोन यायचा.

"इथं चहा पिशवीतून नळीनं ओढायचा, बाबा. वाससुद्धा येत नाही. तुम्ही कसे आहात?"

"मी? मजेत!"

बायको जाऊन वर्ष झालेल्या घरात एकटा माणूस जेवढा मजेत असतो, तेवढे.

मग त्यांनी हट्टच धरला, लेकीला तिथं ओठ लावून पिता येईल असा पेला करायचाच. प्रयोगशाळेच्या उंच मनोऱ्यातून पेला ठेवलेली पेटी सोडली की पडताना चार सेकंद आतल्या वस्तूंना वजन उरत नाही, आणि पेटीतला कॅमेरा ते टिपतो. गोल पेल्यातलं पाणी तळाशीच बसून राहायचं. म्हणून काकांनी पेल्याची एक बाजू चिमटून तळापासून काठापर्यंत अरुंद कोपरा काढला. वजन नसलं की अशा टोकदार कोपऱ्यातून पाणी आपणहून वर चढतं. असे तीन पेले झाले, पण पाणी ढिम्म.

प्रयोगशाळेतल्या इंजिनिअर बाईंनी तिसरा पेला उजेडात धरला. "काका, आतला कोपरा पुन्हा गोल केलात."

"मी? छे!"

पण केला होता. लेक तीन वर्षांची असताना त्यांच्याच पेल्यानं तिचा ओठ कापला होता. तेव्हापासून त्यांनी कुठल्याच काचेला धार म्हणून ठेवली नाही. शेवटी ज्योत फिरवायची, सगळं गुळगुळीत करायचं. हात ते न विचारताच करून मोकळा व्हायचा.

"ओठ काठाला लागतो, काका. आतला कोपरा कुणाला कापणार?"

चौथ्या पेल्याचा काठ तेवढा गुळगुळीत करून काकांनी ज्योत विझवली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पेटी पडली. पडद्यावर पाणी कोपऱ्यातून सरसर चढत काठाशी आलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी काका घरी गेले, तर हे सांगायला कुणी नव्हतं.

रविवारी फोन आला. यानात काच चालत नाही, म्हणून तसाच प्लास्टिकचा पेला पुढच्या यानातून येतोय, हे ऐकून लेक हसली. "आणि तुम्ही कसे आहात?"

'मजेत' जिभेवर आलं होतं. काका थांबले.

"घर खायला उठतं गं," ते म्हणाले. "अजून दोन कप चहा टाकतो. एक ओतून देतो."



"बाबा, मलाही इथं करमत नाही," ती म्हणाली.

उरलेली सहा मिनिटं कुणीच काही बोललं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही.