धाकूच्या सायकलची सीट

पितळेच्या रिव्हेटभोवती हिरवट काहीतरी साचलेलं — दर्शनानं ते नखानं खरवडलं, नाकाशी नेलं आणि झटक्यानं तोंड फिरवलं. म्हणजे वास अजून आहेच. खायचा सोडा चोळून झाला, ऊन दाखवून झालं, चुलीतल्या कोळशांबरोबर डब्यात कोंडून झालं, तरी पूर्णगडच्या मासळीवाल्या धाकूकडून घेतलेल्या जुन्या सायकलची ही चामड्याची सीट बांगड्याचा वास सोडायला तयार नाही... मासळीच्या टोपलीचं पाणी वर्षानुवर्षं मुरलेलं, आणि त्यावर धाकूचा घाम.

"गेला काय गो वास?" पडवीत सुपात तांदूळ पाखडणाऱ्या सासूनं मान वर न करता विचारलं.

"जाईल, आये."

"नाय जायचा. सांजेला भंगारवाला येल, त्याला सायकलच देऊन टाकीन. घरची सून म्हावरंवाल्याच्या सायकलीवर बसून काजूच्या कारखान्यात जाणार! दीपकला मुंबईला काय सांगू मी?"

खाताना बांगडा गोड, आणि सीटला मात्र वास! सोमवारपासून कामावर यायला सांगितलंय, त्या वाटेला एसटी नाही. सायकल गेली की काम गेलं. वास हे निमित्त, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मासे साफ केल्यावर हाताचा वास जातो कशानं? तिनं बरणीतलं कोकमाचं आगळ फडक्यावर ओतलं आणि जोर लावून चोळलं. हाताला चालतं ते चामड्याला का नाही चालणार... पण चामडं ते घटाघटा प्यायलं. बघता बघता सीटच्या मधोमध तांबडा डाग पसरला, पुसला तसा आणखीच पसरला. बाईची सायकल, आणि डाग नेमका तिथेच! गाव काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू आलं आणि एकदम हसू फुटलं. म्हणू देत.

सासू उठून आली, बघतच राहिली. "अगो बाय! आता यावर बसशील?"

गणपतीला दीपक येतो तेव्हा त्याच्या शर्टांना ग्रीसचा वास मारत असतो, आणि हीच आये ते शर्ट छातीशी धरते — माझ्या पोराच्या कष्टाचा वास म्हणून. मग धाकूचे कष्ट ते काय कमी? आणि माझे? लग्न होऊन आले तेव्हापासून लावणीत, मळणीत, शेणात राबतेय मी... माझ्या घामाला या घरात साधा वाससुद्धा नाही!

"बसणार," ती म्हणाली.

सासू तिथेच उभी राहिली. आत गेली नाही. दर्शनानं पाना घेऊन सीट दांड्यावर चढवली, नट आवळला, आणि पुन्हा एकदा वाकून वास घेतला. होताच तो, आगळानं उलट आंबूस झालेला. पण या खेपेला तिनं तोंड फिरवलं नाही. संध्याकाळी काय व्हायचं ते होवो... हा वास घालवायची तिची घाईच सरली होती. आता तिला निराळीच हाव सुटली होती — या चामड्यात आपला घाम मुरावा, असा मुरावा की कुणाच्या बापाला तो घालवता येऊ नये.