धुऊन काढलेला सूर

मी तबकडी बोलतेय. गाण्याची नव्हे, माझ्यात दीडशे वर्षांपूर्वीची एक भलीमोठी, भावनांनी ओथंबलेली सिंफनी, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रचना आहे. बोलतेय खरी, पण मान खाली घालून.

तसं माझं घराणं मोठं. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी अख्खा वाद्यवृंद एका सभागृहात बसला होता. त्या तबकडीनं नाव कमावलं. पुढे कित्येक वर्षांनी कंपनीला तिची आठवण झाली आणि तिची नवी, सुधारलेली आवृत्ती म्हणून माझा जन्म झाला. जाडजूड, काळीकुळकुळीत, कव्हरवर सोनेरी अक्षरं: 'एकही डाग नाही.' मी किती शेखी मिरवली म्हणून सांगू! दुकानात शेजारच्या तबकड्यांशी धड बोलायचेसुद्धा नाही.

मूळ तबकडीत डाग एकच होता, पण जाणकारांना पाठ होता. संथ भागात सगळी वाद्यं थांबतात आणि हॉर्न एकटा एक ओळ वाजवतो. गाडीचा हॉर्न नव्हे हो, वळणावळणाचं पितळी वाद्य. तिथं वादकाचा वरचा सूर चिरकला होता. वाद्यवृंदाचे संचालक तेव्हा म्हणाले, "राहू दे, बाकी सगळं जमून आलंय." मला घडवताना मात्र ध्वनितंत्रज्ञानं तिथं ठिगळ लावलं. एक सूर बसेना, म्हणून अख्खी ओळच बदलली. तीच ओळ शेवटाकडे दुसरा वादक वाजवतो, ती उचलून इथं आणली. सांधा शोधूनही सापडायचा नाही.

मला एका बाईनं वडिलांच्या वाढदिवसासाठी घेतलं. दुकानदार म्हणाला, "जुनी असेल तर द्या, हिच्या किमतीत वळती करतो." तिनं घरची झिजलेली प्रत आनंदानं देऊन टाकली. "त्या सुरापायी बाबा आयुष्यभर ओशाळलेत हो," ती म्हणाली. "आता सुटतील."

तेव्हा कळलं, मी त्या हॉर्नवादकाच्याच घरी निघालेय.

छातीनं दगा दिल्यापासून त्यांचं वाजवणं सुटलं होतं. घरात कुणाच्या हातून कप फुटला, दूध उतू गेलं, की सगळे ओरडायचे, "बाबांचा सूर लागला!" त्या दिवशीही ती जागा आली तशी बाईच्या आईनं हसायला तोंड उघडलं. मी ओळ वाजवली, गोल आणि स्वच्छ. कुणीच हसलं नाही.

"हा मी नाही," बाबा म्हणाले. "हा आमचा ढब्ब्या. शेजारी बसायचा. कधी चुकायचा नाही मेला."

"अहो बाबा, चूक काढून टाकलीय. बरं नाही वाटलं?"

"लाज वाटायची, खरंय. पण अगं, बाकी सगळीकडे मी घोळक्यात आहे. तेवढ्या एकाच जागी मी ऐकू यायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई तशीच दुकानात धावली. जुनी प्रत विकली गेली होती. "कोण घेऊन गेलं, कसं सांगू ताई?" दुकानदार म्हणाला. आता जिथं ऐकायला जावं तिथं दुरुस्त केलेलंच मिळतं, म्हणजे मीच. घरी येऊन ती रडायला लागली, तर बाबाच तिला समजावत बसले.

मग त्यांनीच तोड काढली. ती ओळ आली की बाई आवाजाचं बटण पार खाली करायची आणि बाबा खुर्चीतून वाजवायचे. हॉर्न पेलवत नव्हता. नुसती त्याची तोंडाजवळची नळी ओठांना लावायचे. वरचा सूर हटकून चिरकायचा. आई टाळ्या वाजवून हसायची. मग बटण पुन्हा वर. तेवढा वेळ मी मुकी फिरायचे, आणि खरं सांगते, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पुढे पुढे ओळ अर्धीच होऊ लागली. मग दोनच सूर. मग एके दिवशी बटण खाली गेलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

बाई मला अजून लावते आणि त्या जागी बटण खाली करते. परवा पाहुण्यांनी विचारलं, "बिघडलीय का हो?"

"थांबा जरा," आई म्हणाली, "ह्यांचं चाललंय."

बाई, ते बटण असंच खाली करत जा. त्या जागी माझ्याजवळ जे आहे ते ढब्ब्याचं आहे, आणि ह्या घरात ते वाजवायची मला लाज वाटते.