नेहमीचं गिऱ्हाईक

आत्याच्या नाकावर गॉगल चढवताना दुकानदाराचे हात इतके थरथरत होते, की एक दांडी कानावर बसायची ती अंबाड्यात घुसली.

"डोळा फोडशील, मेल्या," आत्या पुटपुटली. मग आठवण झाल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "अहो दुकानदार, यात दुसरा रंग दाखवा बघू!"

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. काउंटरपाशी आत्या, आरशासमोर आतेभाऊ, बाकावर आतेभावाचे दोन मित्र आणि त्यांच्या शेजारी, तपासणीची वाट बघत, दुकानदाराची आई. चष्म्याचं दुकान उघडून तीन वर्षं झाली होती. एवढी गर्दी तिथं पहिल्यांदाच झाली होती, आणि त्यातलं एकही माणूस चष्मा घ्यायला आलेलं नव्हतं.

ही योजना दाजींची, म्हणजे दुकानदाराच्या बहिणीच्या यजमानांची. त्यांनी स्वतःचे तीन धंदे बुडवले असल्यामुळे घरात धंद्याबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. दुकान उघडायच्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून ते म्हणाले होते, "धंद्यात पहिला खड्डा घरचेच पाडतात. घरच्यांना फुकट काही द्यायचं नाही, म्हणजे नाही." आता विकायची वेळ आली तेव्हाही तेच धावून आले.

"रिकामं दुकान कोण घेतं? गिऱ्हाईक दिसलं पाहिजे. आणि 'का विकताय' हे दुकान बघायला येणाऱ्या बाई विचारणारच. तिथं अडखळलास की संपलं. सांगायचं, परदेशी चाललोय."

"परदेशी कुठं?"

"देश विचारला तर खोकायचं."

त्यानं ते वाक्य आरशासमोर पाठ केलं होतं. खोकल्यासकट. राहतं घर तारण ठेवून उघडलेलं दुकान होतं ते. आजचा व्यवहार फिसकटला तर दुकानामागोमाग घरही जाणार होतं.

दुकान बघायला आलेल्या बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं वह्या-पेनांचं दुकान होतं, चांगलं चालणारं. आल्यापासून त्या काही म्हणजे काही बोलल्या नव्हत्या. मधूनच उठायच्या, एखादा ड्रॉवर उघडायच्या, आत बघायच्या, बंद करायच्या. प्रत्येक ड्रॉवरबरोबर त्याचा श्वास आत जायचा आणि तिथंच मुक्काम करायचा.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ आले. हातात चष्म्याचे दोन तुकडे. दारावर उभ्या असलेल्या दाजींनी त्यांना अदबीनं अडवलं.

"आज फार गर्दी आहे हो. उद्या या."

गृहस्थ तुकडे खिशात घालून निघून गेले. दुकानदार त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. आठवड्यातलं पहिलं खरं गिऱ्हाईक होतं ते.

"तपासणी कशी करता, बघू," बाई एकदम म्हणाल्या.

बाकावरचे दोन्ही मित्र दचकून उठले आणि पुन्हा बसले. आई मात्र ठरल्याप्रमाणे उठली, भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत गेली आणि पदर सावरून बसली.

"या मावशी," तो म्हणाला. आवाज कुठूनतरी भलतीकडून आला.

"मावशी काय? ताई म्हणा हो, दुकानदार."

आतेभावाला हसू फुटलं. ते त्यानं शिंकेत बसवलं.

समोरच्या भिंतीवर दिव्याची पेटी होती. तिच्या पाटीला दोन बाजू. एकीवर अक्षरं, दुसरीवर आकडे, वरून खाली बारीक होत गेलेले. त्यानं दिवा लावला. आईनं वरच्या ओळीपासून सुरुवात केली आणि न अडखळता पार तळाशी पोचली. ती ओळ तर त्यालाही वाचता येत नसे.

"नजर तल्लख आहे की यांची," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "मग चष्मा कशाला हवाय?"

दाजींनी आधीच खोकून घेतलं.

"शोभेचा," आई म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. त्याच्या पाठीवरून घामाचा एक थेंब रमतगमत खाली गेला.

"आणि ती आकड्यांची बाजू फिरते का, की गंजलीय?"

"फिरते की! नवी आहे एकदम." त्यानं घाईघाईनं खटका ओढला. पाटी कुरकुरत फिरली. "हं, वाचा ताई."

आईनं घसा साफ केला.

"न, ट, प, ह, ल," ती त्याच चालीत म्हणाली. "खाली, ग, म, र, स, द, ब."

पाटीवर सात, दोन आणि चार होते. वितीएवढे.

बाईंनी पाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग पर्स खांद्याला लावली आणि उठल्या.

"नेहमीचं गिऱ्हाईक!" दाजी ओरडले. "येऊन येऊन पाठ झालंय त्यांना! आहेत अशी आमची गिऱ्हाइकं!"

आता आपण घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं. बाई दाराकडे निघाल्या होत्या. पण सकाळपासून पोटात बसलेली भीती उठली होती आणि तिच्या जागी दुसरीच कुणी येऊन बसली होती. आई रोज दुपारी डबा घेऊन यायची. त्याचं जेवण होईपर्यंत त्या बाकावर बसायची. या खुर्चीतले लोक एकेक अक्षर चाचपडत मोठ्यानं म्हणायचे, ते ती ऐकत राहायची. जिना उतरताना कठडा धरायची. गुडघे दुखतात म्हणायची. रस्त्यात समोरून आला तरी तो हाक मारेपर्यंत ती त्याच्याकडे बघून हसायची नाही. त्याला वाटायचं, दुकानावरून रागावलीय.

"आई," तो म्हणाला.

आत्याच्या हातातला गॉगल काउंटरवर पडला. दाजींनी डोळे मिटून घेतले.

"ताई म्हण," आई कुजबुजली.

"आई, पाटीवर काय दिसतंय?"

तिनं डोळे बारीक केले.

"दिवा," ती म्हणाली. "दिवा छान दिसतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"जावईबापूंनी सांगितलं होतं ना, घरच्यांना फुकट नाही म्हणून. म्हटलं, आधी तुझं बस्तान बसू दे. मग विकतच घेईन."

त्यानं तपासणीची जाड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. एक काच घातली, काढली, दुसरी घातली.

"आता?"

"धूर आहे अजून."

पुन्हा एक काच. हात थरथरत नव्हते, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"आता?"

आई पाटीकडे बघत राहिली. "सात," ती म्हणाली. "दोन. चार. अगोबाई, हे तर आकडे आहेत!"

आतेभावाचे मित्र टाळ्या वाजवणार होते. आत्यानं डोळे वटारले.

आईनं ती जड फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि मान हळूहळू फिरवली. भिंतीवरच्या फ्रेमच्या रांगा बघितल्या. काउंटर बघितलं. आरसा, पडदा, कोपऱ्यातलं स्टूल. दाराशी उभ्या राहिलेल्या बाई. मग त्याच्याकडे बघितलं, आणि बराच वेळ तिथंच थांबली.

"केस कधी पिकले रे तुझे?"

तिनं पुन्हा एकवार भिंतीवरून नजर फिरवली. तीन वर्षं ती रोज इथं येत होती.

"दुकान किती छान आहे रे," ती म्हणाली. "कशाला विकतोस?"

बाईंचा हात दाराच्या मुठीवर होता. त्यांनी तो काढला, मागं वळल्या आणि त्याही त्याच्याकडे बघू लागल्या. हा प्रश्न त्यांनी आल्यापासून एकदाही विचारला नव्हता.

दाजी त्याला डोळ्यांनी खुणावत होते. पाठ केलेलं वाक्य त्याच्या जिभेवर आलं. खोकलासुद्धा तयार होता.

त्यानं समोर बघितलं. पेटीतला दिवा चालू होता, आणि पाटीवर अजून आकडेच होते. पाठ केलेलं तिथं चालत नव्हतं; त्यानं खोकला गिळला.