सीन कापल्याचा फोन

डेनिस ऑल्डरशॉ सिनेमे काढायचा आणि माणसं जमवायचा. लंडनमध्ये, कॅमडेनच्या त्याच्या घरी दर रविवारी वीस-वीस जण जेवायला. नट, लेखक, त्याचा न्हावी. गळका नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबरही एकदा जेवूनच गेला. सगळ्यांवर याचा जीव. पण वाईट बातमी सांगायची वेळ आली की गडी गायब! कुणाचा सीन कापला गेला, तर प्रीमियरआधी त्याला फोन करायची रीत. नाहीतर बिचारा थिएटरात स्वतःला शोधत बसायचा. अकरा वर्षं हे फोन त्याची सेक्रेटरी उल्का करत होती. लोक तिच्याजवळ रडायचे, कधी तिलाच शिव्या घालायचे; नाताळची कार्डं मात्र डेनिसला.

१९८८च्या त्या सोमवारी यादीत चार नावं होती. चौथं नाव डॉ. चंद्रशेखर वर्तक. उल्काचे बाबा.

डेनिस एकदा कॉव्हेंट्रीला त्यांच्याकडे पुरणपोळी खाऊन इतका खूश झाला, की त्यांना डॉक्टरचीच दोन वाक्यांची भूमिका देऊन बसला. बाबांनी तिथल्या मराठी मंडळातल्या चाळीस जणांना प्रीमियरला न्यायला कोच, म्हणजे अख्खी बस, ठरवली होती.

"हा फोन मी करणार नाही," उल्का म्हणाली. "तूच चल सांगायला."

दोघं कॉव्हेंट्रीला गेले. दारातच बाबांनी डेनिसकडे पाहिलं आणि ओळखलं. तीस वर्षं हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातम्या सांगितलेले डॉक्टर ते.

"आधी बस," ते म्हणाले. "असं उभ्याने सांगू नये. आणि लांबण लावू नकोस."

"तुमचा सीन कापला. पिक्चर लांबला होता. तुमची काही चूक नव्हती."

प्रीमियरसाठी शिवलेला सूट दारामागे लटकत होता. उल्काला तिकडे बघवेना. मग बाबांनी हॉलमधला फोन उचलून मंडळातल्या मित्राला लावला.

"शशिकांत? अरे, माझा सीन कट झाला. छे रे, कोच कॅन्सल नाही करायचा! पिक्चर बघू, आणि माझे डायलॉग मी येताना कोचमध्ये म्हणून दाखवेन."

शेवटी आवाज चिरकलाच. फोन ठेवून त्यांनी तो डेनिसपुढे सरकवला.

"अजून किती जणांना सांगायचंय?"

"तिघांना. पण ते उल्का..."

"असे फोन केले की ती त्या दिवशी जेवत नाही," बाबा म्हणाले. "तुला माहीत होतं?"

डेनिसला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा पडला. उल्काने पर्समधली यादी त्याच्या हातात दिली. त्याने दोनदा चुकीचा नंबर फिरवला, तिसऱ्यांदा लागला.

"पीटर? मी डेनिस बोलतोय," तो म्हणाला. "आधी बस."