पायरीवरचे दोन मग

घशाचं दुखणं गेल्यावर तीन आठवडे पोरीच्या शूवर लक्ष ठेव, असं ऐलाने मला जुलैच्या सुरुवातीलाच बजावलं होतं. ऐला माझी सासू. तीस वर्षं बालतपासणी केंद्रात नर्स होती आणि निवृत्त झाल्यावर तिला तपासायला फक्त आम्हीच उरलो. मी म्हटलं, "औषधाचा कोर्स पूर्ण झालाय, ताप नाही. आता शूची वही ठेवू का?"

"वही नको. डोळे उघडे ठेव," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. खरं तर काळजी करण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. माझ्या लेकीच्या, उन्नाच्या ताटातला मासा मी दोनदा कुस्करून काटे शोधते. पण ही काळजी सासूची होती, माझी नव्हती. म्हणूनच बहुतेक मी ती घेतली नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही तळ्याकाठच्या, होडीनेच पोचता येणाऱ्या लाकडी घरी राहायला गेलो. तिथला संडास पाण्याचा नाही, वरून भुसा टाकायचा. झाकण उचललं की खाली नुसता अंधार. आणि पाच वर्षांची पोर तिथवर जाते कशाला? सरळ झाडामागे शेवाळावर बसते. उन्नाची शू कुणाच्या दृष्टीस पडलीच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या.

"डास," मी म्हणाले. माझा नवरा ओत्सो म्हणाला, "माझा कान बघ, बटाटा झालाय." आमच्याकडे जुलैत प्रत्येकाचं काही ना काही सुजलेलंच असतं. ऐला मात्र नातीकडे बघत राहिली.

नाश्त्यानंतर आजी आणि नात ब्लूबेरी वेचायला गेल्या. परत आल्या तेव्हा दोघींच्या जिभा जांभळ्या.

"मुम्मो," उन्नाने आजीला विचारलं, "जीभ जांभळी झाली. मग शू पण जांभळी होईल?"

"बघूया की," ऐला म्हणाली आणि आत जाऊन पांढरा मग घेऊन आली.

"ऐला! तो कॉफीचा मग आहे!"

"आता नाही."

उन्नाची शू झाल्यावर तो मग सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या पायरीवर आला. आत जे होतं ते जांभळं नव्हतं. आमच्या घरी राय धान्यापासून करतात त्या पेयासारखं तांबूस-तपकिरी, वर फेस. आणि अगदी थोडंसं.

"ब्लूबेरीच ती," मी पटकन म्हणाले. "वाटीभर खाल्ल्या असतील."

"मीही तेवढ्याच खाल्ल्यात," ऐला म्हणाली. तिने दुसरा मग उचलला आणि एकाहत्तर वर्षांची ती बाई सरळ झुडपामागे गेली. उन्ना खिदळत होती. ओत्सो लाजून तळ्याकडे बघत होता.

दोन्ही मग शेजारी शेजारी ठेवले. ऐलाच्या मगात पिवळी, स्वच्छ शू.

"मुम्मो जिंकली!" उन्ना ओरडली.

"ओत्सो, होडी काढ," एवढंच मी म्हणाले.

इस्पितळात उन्नाचा रक्तदाब मोजला तर मोठ्या माणसालाही जास्त म्हणावा इतका. डॉक्टर बाई तरुण होती, शांत होती. तिने सांगितलं, मूत्रपिंडाला सूज आहे, घशाच्या जंतूनंतर कधीकधी येते. लघवी वाढते का, ते पुढचे दोन दिवस बघायचं. नाही वाढली तर मूत्रपिंडाचं काम यंत्राला करावं लागेल.

मी हादरले होते, पण उन्नाला वेगळाच प्रश्न पडला होता. "रक्त लाल असतं, मग त्याची शू पिवळी कशी होते?"

डॉक्टर पलंगावरच बसली. तिने कागदावर बारीक केसांचा गुंता काढला. "अशा रक्तवाहिन्यांचे गुंते तुझ्या एकेका मूत्रपिंडात जवळजवळ दहा लाख आहेत. आत येणारी वाट रुंद, बाहेर जायची अरुंद. मग रक्ताची काय होते?"

"ढकलाढकली!"

"बरोबर. त्या दाबाने पाणी, मीठ, साखर, टाकाऊ पदार्थ भिंतीतून पाझरतात. लाल पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. मोठ्या माणसाचं असं किती पाझरतं माहितीय? दिवसाला सौनाच्या अठरा बादल्या."

"एवढी शू?" उन्नाचे सुजलेले डोळे जमतील तेवढे मोठे झाले.

"छे! ती फक्त सुरुवात. पुढच्या नळीत जवळजवळ सगळं पाणी, सगळी साखर शरीर परत घेतं. उरते ती दीड-दोन लिटर शू."

मी कॉलेजात हे शिकले होते, गुणही मिळवले होते. पण आपल्या लेकीच्या आत, आपण तिची वेणी घालत असताना, सगळं रक्त पुन्हा पुन्हा त्या भिंतीवर येऊन पारखलं जातं, हे तोवर कधी मनातच आलं नव्हतं.

"मग हिचं काय बिघडलं?" मी विचारलं.

"जंतूशी लढायला शरीराने जे बनवलं, त्याचे गोळे त्या भिंतीच्या बारीक जाळीत अडकलेत. त्यामुळे काही ठिकाणी जाळी तुंबली, म्हणून शू कमी आणि पापण्यांत पाणी. काही ठिकाणी फाटली, म्हणून लाल पेशी गळतात. कोर्स पूर्ण करूनही हे होऊ शकतं."

दोन दिवस मी मोजपात्राकडे डोळे लावून बसले. मीठ बंद, पाणी मोजून, रक्तदाबाची गोळी. पहिल्या दिवशी नव्वद मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐला मोजपात्र उजेडात धरून उभी होती. तिने मला हाक मारली.

"केर्तु, इकडे ये. तीनशे."

"नीट बघितलंस?"

"माझे डोळे म्हातारे झालेत, आकडे नाहीत." मग ती हळूच म्हणाली, "त्या पापण्या बघून मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तुला राग येईल म्हणून गप्प बसले."

आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. लघवीत अजून रक्ताचे कण सापडतात, ते काही महिने सापडतील, डॉक्टर म्हणाली. रक्तदाब मात्र उतरलाय.

उन्नाच्या पाळणाघरात त्याच सुमारास आणखी चार मुलांचे घसे सुजले होते. त्या चौघांच्या आयांना मी फोन केले. तुमचा नंबर माझ्याकडे नाही. म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरात गेल्या तीन आठवड्यांत एखाद्या लेकराचा घसा दुखला असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. त्याला हाक मारा, उजेडात उभं करून त्याच्या पापण्या नीट बघा, आणि शेवटची शू कधी केली, कशी होती, ते विचारा.