जांभळा तुरा

धाकटी सून पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. डिंकाने आणि कागदाने तिचे हात कायम फुटलेले, म्हणून मलम ती घरीच करायची. कारखान्यामागच्या पडीक जागेतला, जखमा भरून आणणारा पाला सुकवायचा, तेलात मुरवून गाळायचा, वितळलेलं मेण घालायचं, की झालं. यंदा सासूबाईंचे ओठ फुटले, तेव्हा त्यांनाही तिने एक डबी भरून दिली.

त्यानंतर एकदा जेवणाच्या सुट्टीत ती आणखी पाला आणायला गेली आणि जागीच थिजली. ज्या झाडांची पानं तिने नेली होती, त्यांतल्या एकाला तुरा आला होता. लांबट जांभळी फुलं, आतून ठिपक्याठिपक्यांची. औषधी पाल्याची फुलं अशी नसतात. ती लहान, झुबक्याने खाली वाकलेली. पानं मात्र दोन्हींची मोठी, लवदार, बघणाऱ्याला चकवणारी. ठिपक्यांचं हे फूल तिने चित्रात पाहिलं होतं. हृदयाचे ठोके बिघडवणारं झाड! आणि सासूबाईंना तर हृदयाची गोळी चालू होती.

तिने घरी फोन लावला. नुसतीच रिंग. पुन्हा लावला. कोणी उचलेना. मुकादमाला सांगायचं भानही राहिलं नाही. तुरा मुठीत धरून ती पळत सुटली. दोघींची भांडणं अख्ख्या इमारतीला पाठ होती. सुनेने सासूचा काटा काढला, असंच म्हणतील सगळे! मग तिला स्वतःचीच शरम वाटली. म्हातारीचा जीव जायची वेळ, आणि आपल्याला लोकांची पडलीय.

सासूबाई खिडकीशी खुर्चीत होत्या, डोळे मिटून.

"आई! अहो आई!"

"ओरडतेस कशाला? बहिरी नाही झाले अजून."

"फोन का नाही उचललात?"

"उठवत नाही गं. सकाळपासून मळमळतंय. आणि ही भिंत पिवळी कधी केलीत?"

भिंत पांढरीशुभ्र होती.

"ते ओठांचं मलम... किती लावलंत?"

"सुकले ओठ की लावते. कडू आहे मेलं, पण जीभ फिरतेच ना."

धाकटीने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. एक ठोका लागला. मग काहीच नाही. कितीतरी वेळाने दुसरा लागला.

शेजाऱ्याच्या गाडीतून तिने त्यांना दवाखान्यात नेलं. डबी, गोळ्या आणि चुरगळलेला तुरा डॉक्टरांपुढे ठेवला.

"तुरा आणलात ते फार बरं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळीतही याच जातीचं औषध आहे. दोन्ही मिळून जास्त झालं. हे मलम दिलं कोणी?"

धाकटी म्हणाली, "मी."

खाटेवरून क्षीण आवाज आला, "मारायचंच असतं तर एवढं मेण वाया घालवलं नसतं हो तिने. पैशाला चिकट आहे फार."

ठोके ताळ्यावर यायला दोन दिवस लागले. तेवढा वेळ धाकटी यंत्रावरच्या रेघेकडे डोळे लावून बसली होती. घरी आल्यावर तिने सगळं मलम टाकून दिलं, ते मुरवायचं भांडंही.

ओठ पुन्हा फुटले, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "नुसतं तेल आणि मेण घाल. पाला नको, काही नको."

तिने केलं. डबी पुढे केली.

"आधी तू लाव," सासूबाई म्हणाल्या.

तिने लावलं. मग काही होतंय का, म्हणून दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या.