जांभळ्या डागाखालचा नंबर

महानंदाचा मेडिकलला नंबर लागला. सोमवारी कागद द्यायचे होते आणि त्यात वडिलांच्या शाळेचा दाखला हवा होता. तिच्या वडिलांकडे, गुरुलिंगकडे, तो होता, पण भूकंपानंतरच्या पावसात पत्र्याची पेटी भिजली, तेव्हा आतल्या शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई त्याच्यावर उतरली होती. पॅड गुरुलिंगचंच, तो तेव्हा दूध सोसायटीचा सचिव होता.

गावची शाळा भूकंपात पडली होती. ढिगाऱ्यातून निघालेली रजिस्टरं मुरुडच्या एका शाळेत ठेवली होती. तिथले कारकून धोंडप्पा म्हणाले होते, "दाखल्यावरचा रजिस्टर नंबर सांगा, लगेच दुसरा लिहून देतो. नुसत्या नावावर हुडकायचं म्हणजे पंधरा दिवस जातील." आणि डाग नेमका नंबरावर पडला होता.

शनिवारी सकाळी गुरुलिंग लातूरला, महानंदाच्या होस्टेलजवळच्या ट्यूशनच्या गल्लीत उभा होता. झेरॉक्समध्ये डाग नुसता काळा आला. झेरॉक्सवाल्यानं त्याला शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पाठवलं.

क्लास चालवणाऱ्या लायबानं दाखला स्कॅन केला आणि एक प्रोग्रॅम उघडला. डावीकडे दाखला जसाच्या तसा, उजवीकडे त्याचीच बदलणारी नक्कल, खाली सरकवायच्या पट्ट्या.

"मासिकाच्या सीडीवर आलेला डेमो हाय, काका. सेव्ह होत न्हाई. पण बघायला काय हरकत?"

तिनं उजेड वाढवला. अक्षरं उडाली, डाग राहिला. तिनं काळ्याचं पांढरं केलं. गुरुलिंग घाबरून पुढं झाला.

"बेटी, कागद खराब होईल की!"

"कागद तुमच्या हातात हाय, काका."

त्यानं खाली पाहिलं. कागद खरंच हातात होता. त्याला स्वतःचंच हसू आलं.

लायबा एकेक पट्टी सरकवून बघत राहिली. चित्र खरखरीत झालं, धूसर झालं, दगडात कोरल्यासारखं उठून आलं. नंबर काही दिसेना. मग तिला रंग वेगळे करणारी पट्टी सापडली. हिरव्यावर डाग आणखी गडद झाला. तिनं फक्त लाल ठेवला, आणि जांभळा रंग हळूहळू फिका पडत गेला. खालून काळ्या शाईचे आकडे वर आले.

"तीनशे अकरा?" लायबानं चित्र मोठं केलं. "का तीनशे एकोणीस? शेवटचा एक हाय का नऊ, कळून न्हाई राहिलं."

गुरुलिंगनं दोन्ही आकडे तळहातावर लिहिले आणि समोरच्या एसटीडीवर धावला. शाळा सुटायला अर्धा तास होता.

"तीनशे एकोणीस?" पानं चाळत धोंडप्पा म्हणाले. "हा तर कुणी हणमंत हाय."

"मग तीनशे अकरा बघा, साहेब."

बराच वेळ फोनमधून नुसता पानांचा आवाज येत राहिला.

"गुरुलिंग शिवमूर्ती. हाय बगा! या निवांत, मी थांबतो."

गुरुलिंगनं फोन ठेवला आणि बूथच्या पायरीवर बसला. लायबा पाण्याचा ग्लास घेऊन आली. त्याचा चेहरा पाहूनच ती हसली. "मिळाला ना?"

तेवढ्यात महानंदा होस्टेलचा जिना उतरून आली. वडील असे पायरीवर बसलेले पाहून ती धावत जवळ गेली. "बाबा, काय झालं?"

"काय न्हाई गं. झालं काम." त्यानं तोंड पुसलं. "मुरुडची गाडी एकला हाय. चल, तवर पोटभर खाऊन घेऊ. बेटी, तू बी चल."

लायबानं क्लासला कडी लावली.